दुसऱ्या हाताची वाक्ये

नलिनी तळपदे यांच्या घरी कोणी आले की आधी खुर्ची मोकळी करावी लागे, कारण खुर्च्यांवर बुटांचे खोके असत. बूट नसत त्यांत. गिरगावातल्या एका चप्पलवाल्याकडून त्यांनी वर्षानुवर्षे रिकामे खोके मागून आणले होते आणि त्यांत पोस्टकार्डाएवढी कार्डे उभी लावून ठेवली होती. एका कार्डावर एक वाक्य. डाव्या कोपऱ्यात त्यातल्या शब्दांची संख्या, उजव्या कोपऱ्यात पुस्तकाचे पान. अशी चाळीसेक हजार वाक्ये मुगभाटातल्या त्या दोन खोल्यांत राहत होती आणि त्यांच्यामध्ये, जरा अंग चोरून, नलिनीबाई राहत होत्या.

शैलीविज्ञान हा त्यांचा विषय. म्हणजे नेमके काय करता, असे शेजारणीने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आमटी चाखून तुम्ही सांगता ना, आज सुनेनं केली की सासूनं? मी तेच करते, वाक्यांचं."

ही खोड त्यांना दहाव्या वर्षीच लागली. वडील बंदराच्या कचेरीत कारकून. त्यांची बहीण रेवदंड्याला असे. आत्याला लिहिता येत नव्हते, तिची पत्रे गावचे मास्तर लिहून देत. आत्या बोलेल तसे मास्तर लिहीत, त्यामुळे पत्रात कोंबड्या, जावेची कागाळी आणि पुन्हा कोंबड्या असा मजकूर असे. एकदा पत्र आले ते अगदी नीटनेटके. अक्षर मास्तरांचेच, सही म्हणून आत्याचा अंगठाही होता. घरात सगळ्यांनी वाचले आणि ठेवून दिले. नलू मात्र म्हणाली, हे आत्याचे नाही, ह्यात कोंबड्या नाहीत. वडील हसले. पण माणूस हळवा, रविवारी लाँच पकडून जाऊन पाहून आले. आत्या महिनाभर तापाने अंथरुणाला खिळली होती. भावाला काळजी नको म्हणून मास्तरांनी आपल्याच मनाने पत्र लिहून तिचा अंगठा उठवून घेतला होता.

पुढे एम. ए. झाल्यावर दादरच्या एका महाविद्यालयात त्यांनी एकतीस वर्षे शिकवले. लग्न राहून गेले. आधी आई आजारी, मग वडील, आणि मग त्या विषयावर बोलायला कोणी उरले नाही. दर जूनमध्ये पहिल्या तासाला त्या फळ्यावर एक वाक्य लिहीत: लेखकाला विचारायचे नाही. मग मुलांकडे वळून सांगत की लेखक खोटे बोलतो असे नव्हे, पण आपण कसे लिहितो हे त्याला स्वतःला माहीत नसते. तेव्हा विचारायचे ते मजकुराला. मुले मागे म्हणत, तळपदे मॅडमच्या समोर बोलताना जपून, त्या पूर्णविराम मोजतात.

ह्या एका नियमावर त्यांचा सगळ्यात गाजलेला लेख उभा होता. नाव 'दोन हातांचे पुस्तक'. गिरण्यांचा मोठा संप मोडल्यानंतर परळच्या बुधाजी गमरे नावाच्या साचेवाल्याने, म्हणजे मागावर काम करणाऱ्या कामगाराने, 'चार साचे' नावाची आपली आठवणींची चोपडी काढली होती. एकशे बारा पाने. नलिनीबाईंनी तिची कार्डे केली, तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. पूर्वार्धात वाक्यामागे सरासरी एकोणीस शब्द. लांब, वळणे घेत जाणारी, आणि-मग-आणि करत पुढे सरकणारी वाक्ये. सत्तावन्नाव्या पानापासून एकदम आठ शब्द. माणसाचे नावही दर वाक्यात पुन्हा आलेले. सुरी फिरवावी तसा फरक होता. बाईंनी निष्कर्ष काढला की उत्तरार्ध गमऱ्यांचा नव्हे, वर्तमानपत्री शिस्तीत तयार झालेल्या कोणा सुशिक्षित संपादकाच्या हातचा आहे.

लेख परिषदेत वाचला गेला, मग छापला गेला, मग दोन पिढ्यांनी परीक्षेत लिहिला. शैलीविज्ञानाचा नमुना म्हणून तो दाखवला जाई. 'चार साचे'तला एक उतारा अभ्यासक्रमात घ्यायचे घाटत होते, तो बेत लेखानंतर बारगळला. बाईंच्या कानावर हे आले होते. त्यांनी त्याचा फारसा विचार केला नव्हता.

आता वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांचे निवडक लेख पुस्तकरूपाने निघत होते. दादरचे प्रकाशक शामराव गेली वीस वर्षे त्यांच्या मागे लागले होते. पुस्तकाचे नाव 'दोन हातांचे पुस्तक' हेच ठरले होते. मार्चच्या तिसऱ्या शनिवारचे सभागृह घेतले होते. मुद्रिते तपासून झाली होती. फेब्रुवारीत शामरावांचा फोन आला की त्या लेखाबरोबर 'चार साचे'च्या हस्तलिखिताचे एखादे पान छापले तर शोभून दिसेल, तुमच्याकडे छायाचित्र असेलच.

नव्हते. बाईंनी हस्तलिखित कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी छापील पुस्तकावर काम केले होते आणि गमऱ्यांना त्या आयुष्यात कधी भेटल्या नव्हत्या. गिरगावातून परळला जायला तेव्हाही अर्धा तास लागत होता.

शामरावांनी शोधून काढले. गमरे वारून वीस वर्षे झाली होती, पण त्यांची नात मनाली परळच्या एका इस्पितळात रक्ततपासणीच्या विभागात होती. तिने बाईंना स्वतःच फोन केला.

"मॅडम, वह्या आहेत घरी. पण आजी फोटो पाठवू देत नाही. म्हणते, ज्यांनी तो लेख लिहिलाय त्यांनी येऊन बघावं. सॉरी हां, ती तशीच आहे."

बाईंनी दोन दिवस काढले. पान नसले तरी पुस्तक अडत नव्हते, शामराव तसे म्हणालेही. पण वह्या आहेत आणि आपण त्या पाहिल्या नाहीत, ही गोष्ट त्यांना जेवताना टोचत राहिली, दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी. गुरुवारी त्यांनी टॅक्सी केली.

गमऱ्यांची खोली लालबागच्या अंगाला, एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. समोरच्या गिरणीच्या जागी काचेचा मनोरा उभा राहिला होता, त्यामुळे गॅलरीत दुपारी ऊन यायचे बंद झाले होते. जाईबाई खाटेवर पाय खाली सोडून बसल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, अंगाने लहानखुऱ्या, डोळ्यांवर जाड भिंगांचा चश्मा. बाई नमस्कार म्हणाल्या. जाईबाई जय भीम म्हणाल्या. मग बाईही जय भीम म्हणाल्या आणि दोघींना जरा बरे वाटले. मनालीने चहा ठेवला, आणि आजी, आता भांडू नकोस हां, असे बजावून ती आत गेली.

वह्या तीन होत्या, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेल्या. पहिलीत बारीक, उजवीकडे झुकलेले, पुरुषी अक्षर. पान उलटावे तशी वाक्ये लांबत गेलेली. ही एकोणीसवाली, बाईंनी मनात म्हटले. दुसरी वही उघडली आणि त्यांचा हात थांबला.

अक्षर मोठाले होते, एका ओळीत चार-पाच शब्द मावतील एवढे, वर-खाली होणारे. वेलांट्या कुठे होत्या, कुठे नव्हत्या. कुठल्याही संपादकाने असे लिहिले नसते. पहिल्या पानावर अर्धे वाक्य खोडून खाली तेच दोन वाक्यांत तोडून लिहिले होते. पुढच्या पानावर तसेच. त्याच्या पुढच्याही.

नलिनीबाईंनी चश्मा काढून पुसला. मग चाळीस वर्षांत जे कधी केले नव्हते ते केले. विचारले.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच की," जाईबाई म्हणाल्या. "आमच्या विहारात बायांचा वर्ग भरायचा, तिथं गिरवलंवतं. माझं अक्षर मलाच जेमतेम लागायचं, आमच्या मालकान्ला काय लागनार. छापायला दिलं तेवा लेकीनं नीट उतरवून काढलं."

मग त्यांनी सगळे सांगितले, घाई न करता. बुधाजींनी पहिली वही स्वतः लिहिली. मग त्यांच्या हाताला कंप सुटला, लेखणी ठरेना. तेव्हा ते सांगू लागले आणि जाईबाई लिहू लागल्या. पण सांगणाऱ्याला आपले सांगणे परत ऐकायचे असते, नीट उतरले की नाही ते बघायचे असते. आणि बुधाजींना ऐकू येत नव्हते. सत्तावीस वर्षे साचेखात्यात काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. तसे खात्यात कोणालाच काही ऐकू येत नसे. शेकडो साचे एकदम चालू, प्रत्येकात सुताचा धोटा इकडून तिकडे आपटत असलेला, कानाशी ओरडले तरी कळत नसे. सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत. बुधाजी घरीही ओठच वाचत.

"म्हंजे मी समोर बसून वाचायची," जाईबाई म्हणाल्या. "ते माज्या तोंडाकडं बघायचे. वाक्य लांब झालं की मधीच हात वर. सुटलं, म्हनायचे. मग मी तोडायची. परत वाचायची. आनि 'तो' म्हटलेलं तेन्ला चालायचं न्हाय. कोन तो, म्हनायचे. खात्यात तीनशे 'तो'. म्हनून मी दर वेळी नावच घालायची."

जाईबाईंनी नलिनीबाईंच्या हातातली वही घेतली, नुसती मांडीवर धरली. त्यांना त्यातले अक्षर आता दिसत नव्हते आणि दिसायची गरजही नव्हती. त्या सरळ बसल्या, बाईंच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणला आणि आवाज न काढता ओठ हलवू लागल्या. सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून.

नलिनीबाईंना ओठ वाचता येत नव्हते. पण वाक्ये पाठ होती. गंगाराम साच्यापाशी उभा राहिला. पान अठ्ठावन्न, शब्द चार. गंगारामच्या हातात धोटा होता. शब्द चार. धोटा मधोमध दुभंगला होता. शब्द चार. प्रत्येक वाक्यानंतर जाईबाई थांबत आणि भुवया उंचावून, पोचले का, असे विचारत. समोरच्याने मान हलवल्याशिवाय पुढचे वाक्य येत नव्हते. बाईंनी तीन वेळा मान हलवली.

आकडे खरे होते. एकही चुकलेला नव्हता. ज्या जागी दुसरा हात सुरू होतो असे त्यांनी लिहिले होते, बरोबर तिथेच तो सुरू होत होता.

"माझा लेख तुम्हाला माहीत होता?" त्यांनी विचारले.

"तर. लेकीनं वाचून दाखवला. शिकलेल्या मानसाचं काम आहे, असं तुमी लिवलंवतं." जाईबाई हसल्या. त्यांना पुढचे दोन दात नव्हते. "मला काय, बरंच वाटलं. विहारातल्या बायांना सांगत सुटले, मी आता शिकलेली ठरले."

"आणि गमऱ्यांना?"

जाईबाईंनी वहीवरची न दिसणारी धूळ झटकली. बुधाजींनी लेख मागून घेतला आणि स्वतः चारदा वाचला, एवढे त्यांनी सांगितले. रागावले नाहीत. म्हणाले, बाई खोटं कुठं लिहितात, दुसरा हात होताच की. पुस्तकावर नाव आपल्या एकट्याचं घातलं, आता कोणत्या तोंडानं सांगायला जाऊ? नाव घालायचे दोघांच्याही डोक्यात आले नव्हते, जाईबाई म्हणाल्या. चूल पेटवल्याचे कोणी नाव घालते का? तसेच ते.

"दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले. तर म्हनाले, राहू दे."

तिसरी वही बाईंनी उघडून पाहिली. अकरा पाने लिहिलेली. बाकी कोरी होती.

परतीच्या वाटेवर टॅक्सीवाला मेट्रोच्या खोदकामावरून काहीबाही बोलत होता, बाई हूं हूं करत होत्या. घरी आल्यावर त्यांनी 'चार साचे'चा खोका काढला आणि उत्तरार्धाची सगळी कार्डे जेवणाच्या टेबलावर मांडली. जी सुरी त्यांना संपादकाची वाटली होती, ती एका बाईने नवऱ्याच्या डोळ्यांना झेपेल एवढे वाक्य ठेवण्यासाठी फिरवली होती. मजकुरात हे सगळे होते. प्रत्येक वाक्य थांबून मान हलण्याची वाट बघत होते. इतकी वर्षे त्यांनी ते शिस्त म्हणून शिकवले.

आणि त्यांना वडील आठवले. नलूने नुसते म्हटले होते, ह्यात कोंबड्या नाहीत. रेवदंड्याला गेले होते ते वडील.

सोमवारी त्या दादरला शामरावांच्या कचेरीत गेल्या. शामराव ऐकत राहिले, मग त्यांनी समोरची मुद्रिते सरळ केली, जणू ती हलली होती. त्यांचे म्हणणे असे की ह्यात बिघडले काहीच नाही. एक तळटीप द्यावी आणि मोकळे व्हावे. बाई म्हणाल्या, तळटीप कोण वाचते ते मला ठाऊक आहे, मी आणि आणखी दोघे. मग लेखच काढून टाकू, शामराव म्हणाले. तेही नको होते. लेख काढला तर चूकही पुसली जाईल आणि त्या चुकीपायी कोरी राहिलेली वहीसुद्धा.

"नलूताई, पुस्तकाचं नाव त्या लेखावरून आहे," शामराव म्हणाले. "कव्हर छापून झालंय. लोक तो लेख घ्यायला येणार आहेत. तुम्हीच उभ्या राहून तो पाडायचा म्हणता?"

"नाव बरोबर आहे, शामराव. दोन हात होतेच. दुसरा कोणाचा ते मी न बघता लिहिलं."

बाईंनी काय हवे ते सांगितले. लेख जसाच्या तसा छापायचा, एक शब्द न बदलता. त्याच्या लगेच पुढे, त्याच टाइपात, जाईबाई गमरे यांचे निवेदन, त्यांच्या नावाने. 'चार साचे' कसे लिहिले गेले ते त्या सांगतील. बाईंचा स्वतःचा त्यात एकच परिच्छेद असेल, की आकडे ठीक होते आणि निष्कर्ष चुकला. शामरावांनी विचारले, किती पाने होतील? सभागृहाची तारीख एप्रिलवर ढकलायला ते कुरकुरतच तयार झाले, आणि दाराशी आल्यावर म्हणाले की चाळीस वर्षे पुस्तकांचा धंदा करूनही मला तुमची वाक्ये कळत नाहीत.

जाईबाईंनी मात्र एक अट घातली. आमच्यावर अन्याय झाला वगैरे लिहायचे नाही. पुस्तक कसे लिहिले तेवढेच लिहायचे.

त्यांच्या डोळ्यांना आता लिहिणे जमत नव्हते. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात नलिनीबाई पुन्हा त्या खोलीत गेल्या, कोरी कार्डे घेऊन. कार्डेच, कारण कागदावर त्यांना लिहायला सुचत नसे. जाईबाईंनी त्यांना खाटेसमोर स्टुलावर बसवले आणि सांगायला सुरुवात केली. हाताला कंप सुटला ते, लेखणी ठरेना ते, संप मोडल्यानंतरचे रिकामे दिवस, विहारातला वर्ग. बाईंनी ऐकले, जुळवले आणि सवयीप्रमाणे एक घसघशीत वाक्य लिहून वाचून दाखवले.

जाईबाईंनी मध्येच हात वर केला.

"सुटलं, बाई. लई लांब झालं. तोडा."

बाईंनी मोजले. सव्वीस शब्द. त्यांनी ते तीन ठिकाणी तोडले आणि पुन्हा वाचले. जाईबाईंनी मान हलवली. पुढचे वाक्य बाईंनी आधीच आखूड घेतले. आत मनाली कामावर जायची तयारी करत होती, ती दारात येऊन जरा वेळ बघत उभी राहिली, मग डबा पिशवीत टाकून निघून गेली.

"ते सांगत आणि मी लिहीत असे," बाईंनी वाचले.

हात पुन्हा वर.

"कोन ते?"

"तुमचे मालक. तुम्हीच आता 'ते' म्हणालात."

"मी म्हननारच. मी तेंचं नाव आजवर तोंडानं घेतलेलं न्हाय." जाईबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमी घ्या. छापायचं तर नाव पायजे. न्हायतर वाचनाऱ्याला कळायचं कसं?"

नलिनीबाईंनी 'ते' खोडले आणि वर लिहिले. मग कार्ड खाली ठेवून जाईबाईंकडे तोंड केले आणि सावकाश, शब्द वेगळा वेगळा करून वाचले.

"बुधाजी सांगत. मी लिहीत असे."

जाईबाईंनी ते ऐकले. क्षणभर त्या बाईंच्या ओठांकडेच बघत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली.

"आता बरोबर. पुढं घ्या."